चकचकीत पातेल्यातला नॅनो रंग

आधी तो कप खाली ठेवा, नाहीतर चहा नाकातून येईल. आता माझी फजिती ऐका, आणि हसायचं तर मोकळेपणाने हसा!

मी रत्नागिरीत कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. आठ वर्षं खपून मी तांब्यापासून एक नॅनो पूड बनवली. नॅनो म्हणजे किती बारीक? केसाच्या जाडीत हजारभर कण शेजारी शेजारी बसतील, इतकी! ती रंगात मिसळून होडीच्या बुडाला लावली की शिंपले चिकटत नाहीत. संशोधनाचा पेपर छापून आला आणि बाई हवेत!

मग रंगाचे कारखानदार सुर्वेशेठ आले. "मॅडम, नारळी पौर्णिमेच्या आत वीस होड्या रंगवायच्यात. मी शब्द दिलाय. होईल ना?"

"होईल म्हणजे काय? डोळे झाकून!"

कारखान्यात पाऊल टाकलं आणि माझ्या अंगातच आलं. चपला बाहेर! डोक्याला टोप्या! प्रयोगशाळेत मी जुनं तांब्याचं पातेलं वापरायचे. तसंच मोठं घडवून घेतलं आणि सात वेळा धुवायला लावलं. "शेठ, नॅनोमध्ये शुद्धता म्हणजे देव!"

पहिला घाणा काढला, तर नुसता गाळ! मी पाण्याला नावं ठेवली. दुसऱ्यात मातीसारखी ढेकळं. मी विजेला नावं ठेवली. तिसरा फसल्यावर कामगारांवर घसरले, "कोणीतरी हात न धुता आत आलंय!"

शेठ मटकन खुर्चीत बसले. "मॅडम, होडीवाले रोज फोन करतायत. मी तोंड कुठं लपवू?"

मला खरंच रडू यायला लागलं.

शेवटी आमच्या प्रयोगशाळेतली भांडी घासणाऱ्या शेवंतीमावशींना बोलावलं. म्हटलं, निदान पातेलं तरी नीट घासलं जाईल. मावशींनी आत डोकावलं.

"ह्या काय वो मॅडम? आमसुलं नाय लावलीत?"

"कसली आमसुलं?"

"माज्या डब्यातली! बांगड्याच्या कालवणातली उरतात ना, ती. पातेल्याला आतून चोळायची नि तसंच वाळू द्यायचं. धुतलं तर परत काळं पडतं."

"माझ्या पातेल्याला? रोज?"

"रोज कशी? गुरुवारी माजा उपास असतो."

गुरुवार! अहो, गुरुवारी माझा प्रयोग हमखास फसायचा. त्याचं खापर मी हवेतल्या दमटपणावर फोडलं होतं, तेसुद्धा छापील पेपरात, चांगली दोन पानं!

"आमसुलं आणा रे!" शेठ ओरडले. मावशींनी पदर खोचून पातेलं चोळलं, वाळवलं, आणि मी ढवळत बसले. संध्याकाळी बघते तर तळाशी गाळाचा कण नाही! आमसुलाचं आम्ल कणांना एकमेकांना चिकटू देत नव्हतं, एवढंच. आठ वर्षांत मला ते दिसलं नव्हतं. मी मावशींना मिठीच मारली.

वीसच्या वीस होड्या वेळेत रंगल्या. नारळी पौर्णिमेला बंदरावर शेठनी मावशींना शाल आणि नारळ दिला, टाळ्या पडल्या. मी नवी साडी नेसून मागे उभी. तेवढ्यात एका होडीवाल्याने मावशींना विचारलं, "ह्या कोण?"

मावशींनी कौतुकाने माझ्या पाठीवर हात ठेवला. "ह्या व्हय? ढवळायला ठेवलंय त्यांना. हात बरा चालतो!"