बारा डेसिबलची सूट

गुणवंतराव म्हणजे दीक्षितपुऱ्यातले माझे शेजारी. तोफांच्या कारखान्यात तीस वर्षं मोजमापं घेऊन निवृत्त झालेले, आणि मोजल्याशिवाय चहात साखरही न घालणारे. त्यांच्या बायकोला, शरयूवहिनींना, विसरण्याचा आजार जडला. घराबाहेर पडून त्या वाट चुकू लागल्या, तेव्हा सगळ्यांनी सांगितलं, दाराला आतून कुलूप लावा. गुणवंतराव भडकले. "ती काय कैदी आहे का?"

त्यांनी वहिनींच्या गळ्यात बिल्ल्याएवढं वायरलेस यंत्र अडकवलं आणि त्याचा सिग्नल पकडणारा डबा खोलीत ठेवला. डिसेंबरभर मला तो बिल्ला धरून गल्लीत पावलापावलाने चालवलं. अंतर वाढलं की सिग्नल किती पडतो, याचा आलेख काढला. वहिनी पंधरा मीटरपलीकडे गेल्या की डबा कोकलायचा, अगदी चोख. मला हसू यायचं आणि हेवाही वाटायचा. माझ्या बायकोसाठी मी एवढं कधी केलं नाही.

एप्रिलमध्ये त्याच खोलीच्या खिडकीत कूलर बसला. आता वहिनी खिडकीबाहेरच्या ओट्यावर नुसत्या बसल्या तरी डबा सुरू.

"काहून बोंबलून राहिला हा?" मी वैतागलो.

कूलरचा पत्रा आणि आतलं पाणी सिग्नल अडवत होतं. गुणवंतरावांनी मोजलं: कूलर सिग्नलचे बारा डेसिबल खातो. लगेच डब्याला तेवढी सूट दिली, म्हणजे सिग्नल आणखी बारा डेसिबल पडेपर्यंत त्यानं ओरडायचं नाही. डबा गप्प झाला, आणि मीही शहाण्यासारखी मान डोलावली.

सूट ओट्यापुरती खरी होती. दारातून रस्त्याला लागणाऱ्या माणसाच्या आड कुठला आलाय कूलर? तिथे बारा डेसिबल म्हणजे चौपट अंतर. मंगळवारी दुपारी आम्ही आत पत्ते खेळत होतो. डबा ओरडला तेव्हा वहिनी साठ मीटरवर, बाजाराच्या गर्दीत शिरल्या होत्या. आम्ही धावलो, पण दिसल्या नाहीत. चार तासांनी पार शहराच्या दुसऱ्या भागात, सदरमध्ये सापडल्या, अनवाणी, तळव्यांना फोड आलेले.

गुणवंतरावांनी पुन्हा वही उघडली. तीन ओळी लिहून पेन ठेवलं.

"गर्दीचं काय धरू? मधे ट्रक उभा राहिला तर? माझ्याच्यानं नाही होत, भाऊ."

एवढा हुशार माणूस, आणि त्यानेच हात टेकले. मला राग आला, कुणावर ते कळेना.

संध्याकाळी त्यांनी कुलूप आणलं. मीच बसवून दिलं. वहिनींनी दार ओढून पाहिलं, मग गुणवंतरावांकडे वळून अदबीने म्हणाल्या, "भैया, जरा उघडून द्या ना. घरी आमचे हे वाट पाहून राहिले असतील."