समईची तिसरी चोरी

“मी चोर नाही, सार! आधी लिहून घ्या, मी चोर नाही!”

सकाळी अकराला ठाण्यात इतक्या मोठ्यानं ओरडणारा माणूस एक तर अट्टल चोर असतो, नाहीतर फारच सज्जन. हा दुसऱ्या जातीचा होता. मारतहळ्ळीतल्या एका गल्लीत हातगाडीवर इस्त्री करणारा. त्यानं चादरींचं गाठोडं माझ्या टेबलावर आपटून सोडलं आणि आतून चांदीची समई घरंगळली. आवाज असा झाला, की लॉकअपमधले दोन पाकीटमार दचकून उभे राहिले. निवृत्त झाल्यावर शेकडो गुन्हे विसरलो, पण ती सकाळ काही माझी पाठ सोडत नाही.

कारण या समईचा चोर आदल्या दिवशीच गुन्हा कबूल करून समोरच्या बाकावर बसला होता. वय चौतीस, एके काळी कॉम्प्युटर कंपनीत नोकरीला. फिर्यादी त्याची सख्खी आई. तीन महिन्यांतली ही तिसरी फिर्याद, आणि तिन्ही वेळा चोरी याच समईची! दोनदा मुलगा दिवसभर ठाण्यात बसला, संध्याकाळी समई ‘सापडली’ आणि बाईंनी तक्रार मागे घेतली. मी डोळे मिटून सह्या ठोकल्या.

माझ्या चौकशीची कीर्ती अशी, की लोक न केलेले गुन्हेही कबूल करतात, असं मी फुशारकीनं सांगायचो. यानं ते खरं केलं. समई मीच घेतली म्हणाला. मग म्हणाला, हेब्बाळचं तळंही मीच नेलं, आवाज सांगतात तसं करावं लागतं.

“कुठं ठेवलंस रे तळं? बाटलीत?” आमचा हवालदार म्हणाला. मुलाच्या तोंडाला दारूचा वास येत होताच. सगळं ठाणं हसलं. सर्वांत मोठ्यानं मी.

आता समई इस्त्रीच्या गाठोड्यात म्हटल्यावर मी आईला बोलावलं. बाई आमच्यासारख्याच, इथं कानडी मुलखात पिढ्यान्‌पिढ्या मुरलेल्या मराठी घरातल्या.

“अक्का, ही तिथं कशी गेली?”

“काल तुमची माणसं पंचनाम्याला वर आली. घाईत कुठं लपवू, अण्णा? समोर चादरी होत्या.”

“म्हणजे चोरी झालीच नाही? खोटी फिर्याद गुन्हा आहे! तुम्हालाच आत टाकीन!”

“टाका. दोघांना टाका. स्वल्प झोप तरी लागेल.”

असा जबाब मी उभ्या नोकरीत घेतला नव्हता. मग बाई बोलत सुटल्या. होसकोट्याच्या व्यसनमुक्ती केंद्रानं सांगितलं होतं, याला आवाज ऐकू येतात, असले पेशंट आम्ही घेत नाही. मनोविकाराच्या दवाखान्यानं सांगितलं, आधी दारू सोडवून आणा. पुन्हा केंद्र, पुन्हा दवाखाना. थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, लग्न करून द्या, सुधारेल.

“परवा गच्चीच्या कठड्यावर चढला, अण्णा. आवाज सांगतात म्हणे, उडी मार. मी पाय धरून बसले. तुमच्याकडे त्याला दारू मिळत नाही, कुणीतरी सारखं बघत असतं. त्या दिवशी मी केस धुते.”

मी आधी केंद्राला फोन लावला. मॅनेजर गोड आवाजात म्हणाला, “सार, आमची पॉलिसी आहे.” मग दवाखान्याला. तिथली बाई त्याहून गोड, “सर, प्रोटोकॉल आहे.” मी असा गरजलो, की होसकोट्यापर्यंतचे कावळे उडाले असतील. माणूस एक! त्याचं डोकं या खिडकीवर द्यायचं आणि बाटली त्या खिडकीवर, हे कुठल्या गाढवानं ठरवलं? आणि दोन्ही खिडक्या बंद झाल्या, की आईनं मुलाला चोर ठरवायचं?

तेवढ्यात दारातली महिला शिपाई हळूच म्हणाली, “सार, सरकारी रुग्णालयात एक विभाग आहे. दोन्ही आजार एकत्र बघतात. आणि हेब्बाळला दर रविवारी अशा रुग्णांच्या घरच्या माणसांची बैठक असते. आईंना मी नेते.”

“तुला गं काय माहीत?”

“माझे मिस्टर, सार. चार वर्षं झाली.”

चार वर्षं! तिच्या रजेच्या प्रत्येक अर्जावर ‘सासूबाईंची तब्येत’ असं कारण असायचं. मी तिच्या वार्षिक अहवालात लिहिलं होतं : वारंवार रजा घेते.

मी स्टेशन डायरीत नोंद केली, जीप काढली आणि मुलाला रुग्णालयात नेलं. अशा माणसाला डॉक्टरांपुढे उभं करणं कायद्यानं पोलिसांचं कामच आहे. मी ते पहिल्याच फिर्यादीला करायला हवं होतं. तरुण डॉक्टरीणबाईंनी दोन्ही प्रश्न एकाच कागदावर लिहिले आणि दाखल करून घेतलं. खोट्या फिर्यादीचं काय झालं? गैरसमजातून तक्रार, वस्तू घरचीच, असं लिहून मी फाईल बंद केली.

रविवारी मीही साध्या कपड्यांत बैठकीला गेलो. प्लास्टिकच्या खुर्च्या, वीसेक माणसं. एक निवृत्त बँकवाले सांगत होते, घरातल्या सुऱ्या ते गाडीच्या डिकीत ठेवतात. कांदा चिरायचा तर खाली पार्किंगमध्ये जावं लागतं. अक्का एकदम म्हणाल्या, “मी समई इस्त्रीला दिली.” खोली हसली, आणि त्याही पदर तोंडाला लावून हसल्या. या हसण्यात आणि आमच्या ठाण्यातल्या हसण्यात किती अंतर होतं, ते मला तिथं खुर्चीत बसून मोजावं लागलं.

मुलगा ठणठणीत झाला असं सांगून टाळ्या घेणार नाही. औषधं घेतो. दोनदा घसरला, पुन्हा दाखल झाला. कठड्यावर मात्र चढला नाही.

या केसनं मला शिकवलं ते असं : मदत मारतहळ्ळीपासून तासाभराच्या अंतरावर होती, आणि तिचा पत्ता माझ्याच ठाण्यात रोज मला सलाम ठोकत होता. लोक हे लपवतात म्हणून आपण त्यांना दोष देतो. लपवायला कोण लावतं, याची चौकशी मी तोवर कधी केलीच नव्हती. ती मुलाला दाखल केलं त्याच संध्याकाळी केली. महिला शिपाईला आत बोलावून जरा दरडावूनच विचारलं, “चार वर्षं मला एका शब्दानं का सांगितलं नाहीस?”

ती म्हणाली, “तुम्ही माझी बदली केली असती, सार.”