को मास्तरांनी न विचारलेला माणूस

को मास्तरांनी आयुष्यात तीन धंदे काढले आणि तिन्ही बुडवले: दुधाच्या चहाचं दुकान, कोळंबीचं तळं आणि तळलेल्या कोंबडीची गाडी. मग आमच्या विद्यापीठाने त्यांना नेमलं, ते मुलांना धंदा कसा काढावा हे शिकवायला! मी त्याच इमारतीत संख्याशास्त्र शिकवतो. डॉक्टरेट नसलेल्या या माणसाच्या वर्गात मुलं दारापर्यंत दाटीने बसतात आणि माझ्या वर्गात पंखे रिकाम्या बाकांवर फिरतात, हे मला बरीच वर्षं खुपत होतं. आता खुपत नाही.

मास्तरांची पद्धत साधी. आपली वस्तू घेऊन आमच्या लुकांग गावच्या सकाळच्या बाजारात उभं राहायचं आणि दहा नकार घेऊन यायचे, समोरच्याच्या तोंडच्या शब्दांत. ‘छान आहे’ वहीत लिहायचं नाही. आमच्याकडे तोंडावर कुणी वाईट बोलत नाही. ‘छान आहे, परत येताना घेते’ म्हणतात आणि दुसऱ्या गल्लीने घरी जातात.

न्येन यू-छिन ही त्यांची लाडकी विद्यार्थिनी. तिचे वडील गावाबाहेर आपल्या अंगणात हाताने शेवया ओढतात आणि बांबूंवर टाकून वाऱ्यावर वाळवतात. असे कारागीर आता मोजकेच उरलेत. खाताना दात नसलेल्या आजीच्या जेवायच्या काड्यांमधून शेवया निसटतात, हनुवटीवर सांडतात, हे पोरीने पाहिलं होतं. म्हणून तिने शेवयांचे बोटभर तुकडे करून वाटीत भरले. गरम पाणी ओतायचं आणि चमच्याने खायचं. तैपेईच्या स्पर्धेत तिचा पहिला नंबर आला. स्पर्धेसाठी लोकांची पाहणी मीच करून दिली होती, चारशेपैकी तीनशे बहात्तर लोकांना कल्पना आवडली होती. एवढं झाल्यावर मास्तरांनीही तिला बाजारात पाठवलं नाही. बक्षिसाने शहाणा माणूससुद्धा हुरळतो.

वडिलांना मात्र पोरीने सरकारी नोकरीच्या परीक्षेला बसावं असं वाटत होतं. त्यांनी अट घातली. चांद्र पंचांगातल्या नवव्या महिन्याच्या नवव्या दिवशी, म्हाताऱ्यांच्या सणाला, गावचं कार्यालय सगळ्या म्हाताऱ्या माणसांना भेट देतं. त्या भेटीसाठी तिची वाटी निवडली गेली तर खुशाल धंदा करावा, नाहीतर परीक्षेच्या शिकवणीला नाव घालावं. मास्तर तिथेच होते. नाही निवडली तर मी स्वतः तिला शिकवणीच्या दारात सोडून येईन, असं ते छाती पुढे काढून बोलून बसले.

निवडीला तीन आठवडे उरले तेव्हा कुठे त्यांना आपली पद्धत आठवली. यू-छिन बाजारात उभी राहिली, मास्तर आणि मी तिच्या मागे. सकाळभर नुसतं छान, छान. शेवटी मासे विकणाऱ्या श्वे मावशींनी वाटी उघडून पाहिली आणि परत ठेवली.

“म्हाताऱ्या माणसाला तुटकी शेवई?” त्या म्हणाल्या. “माझ्या सासूपुढे ही ठेवली ना, तर गल्ली म्हणेल, सुनेला फार घाई झालीय.”

म्हाताऱ्यांच्या ताटातली शेवई तोडायची नाही, तोडली तर त्यांचं आयुष्य तुटतं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. आम्हालाही ठाऊक होतं. पण ते वाढदिवसापुरतं, असं धरून आम्ही चाललो होतो, आणि आमची वाटी जाणार होती नेमकी म्हाताऱ्यांच्या हातात! मास्तरांचा चेहरा उतरला. आम्ही तिघं तडक अंगणात गेलो.

सगळं ऐकूनही वडिलांचा हात थांबला नाही. “बक्षीस मिळालं त्याच दिवशी मला कळलं होतं,” ते म्हणाले.

“मग बोलला का नाहीत, बाबा?”

“चारशे लोकांना विचारलंत. मी इथेच होतो.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मास्तरांनी मात्र सबबी सांगितल्या नाहीत. पिठाने माखलेलं बुटकं स्टूल ओढून ते त्यांच्यासमोर बसले आणि वही उघडली.

“चुकलो, दादा. आता विचारतो. दात नसलेल्या माणसाला न तोडता शेवई कशी खायला घालायची?”

वडिलांनी हातातली शेवई बांबूवर टाकली. मग म्हणाले, त्यांची आई बाळंतिणींसाठी निम्म्या जाडीची शेवई ओढायची. पीठ दुप्पट वेळ झाकून ठेवायचं, आणि ओढताना श्वास धरायचा. एका वाटीला एकच शेवई, गुंडाळी करून, जिभेवर विरघळणारी. वीस वर्षांत कुणी मागितली नाही म्हणून त्यांनी केली नव्हती. मास्तरांनी आठ पानं भरली.

पुढचे दोन आठवडे अख्खा वर्ग त्या अंगणात होता. शेवया तुटत होत्या आणि वडील सगळ्यांना झाडत होते. “मास्तर, तुम्ही बाजूला व्हा. तुमचे हात फक्त खडू धरायचे.” मास्तर हसत बाजूला होत आणि पुन्हा येऊन बसत.

निवडीला वृद्ध मंडळाच्या तीन बायका बसल्या होत्या. त्यांतल्या एक्याण्णव वर्षांच्या आजींनी काड्यांनी शेवईचं टोक उचललं. हात डोक्यावर गेला तरी शेवई संपेना. त्या खुर्चीतून उठल्या, तरी संपेना. सगळी खोली हसायला लागली. मग त्यांनी ती तोंडात सोडली आणि डोळे मिटले. “चावावीच लागत नाही,” त्या म्हणाल्या आणि वाटी कुणाला दिली नाही. अकराशे वाट्यांची मागणी तिथल्या तिथे ठरली. माझ्या पाहणीत अशी एकही आजी नव्हती, हे इथे कबूल करतो.

मास्तर अंगणापर्यंत अक्षरशः धावत गेले. पन्नाशीतला, पोट सुटलेला माणूस! बातमी ऐकून वडिलांनी हातातला बांबू नीट अडकवला आणि म्हणाले की पुढच्या वर्षीची पोरं पहिल्याच दिवशी इकडे पाठवा. मास्तर उघड उघड रडत होते आणि तिथल्या पीठ माखलेल्या फडक्याने डोळे पुसून सगळं तोंड पांढरं करून बसले होते. मला त्या माणसाचा फार अभिमान वाटला.

मग वडील मुलीकडे वळले. “एवढ्या शेवया ओढायच्या तर रोज साडेतीनला उठावं लागेल. परीक्षेची पोरं एवढ्या लवकर उठत नाहीत.”

“तीनला उठेन, बाबा,” यू-छिन म्हणाली.