काचेपलीकडचं बोलणं

रविवारी सकाळी पर्वत पाटियाच्या मागच्या वस्तीत, बुद्धविहाराच्या ओट्यावर, मी तरुण मुलांना मुलाखतीत कसं बोलायचं ते शिकवते. मराठी शाळेतून निवृत्त झाले, पण शिकवायची खोड काही जात नाही. येणारे बहुतेक खानदेशी घरांतले, लूमच्या खात्यात, म्हणजे कापड विणायच्या कारखान्यात, राबणारे. घरी अहिराणी, गल्लीत गुजराती, मोबाइलवर हिंदी, आणि माझ्यासमोर मात्र तोंडात मिठाची गुळणी.

एकाला तेवढी गुळणी धरता यायची नाही. तो बोलायला लागला की विहारासमोर झोपलेली कुत्री उठून जायची. दहावीनंतर तो वडिलांच्या शेजारच्या लूमवर उभा राहिला होता. वडिलांचे कान खात्यानं केव्हाच खाल्ले होते, आणि आता याच्याही कानांत दिवसभर शिट्टी वाजायची. त्याला तिथून बाहेर काढायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

एका साडीच्या दुकानात मीच त्याला पाठवलं. त्यानं दारातूनच अशी काही परवानगी मागितली की गिऱ्हाइकांनी माना वळवल्या आणि सेठनं विचारलं, भांडायला आलास का? शिवाय समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं सोडून हा ओठांकडे टक लावून बघायचा. मी डाफरायचे, माझ्या तोंडाला काय सोनं लागलंय? तो खजील व्हायचा, आणि पुन्हा ओठांकडेच बघायचा.

मी त्याला गळ्यावर दोन बोटं ठेवून बोलायला लावलं. बोटांना थरथर कमी लागली पाहिजे, मग आवाज बरोबर. बिचाऱ्यानं ते मनावर घेतलं. रिक्षावाल्याशीसुद्धा गळा धरून बोलायचा, अशी बाकीची पोरं त्याची फिरकी घेत.

मग कामरेजच्या रस्त्यावरच्या एका दवाखान्यात पेशंटची माहिती घेणाऱ्या खिडकीवर जागा निघाली. तीन भाषा येणारा माणूस हवा होता. मी हरखले. हा मान खाली घालून बसला.

"बाई, मी गेलो तर खात्यात पप्पांना कोण सांगणार?" तो म्हणाला.

मागून कोणी हाक मारली, एखादं लूम बिघडलं, मुकादम काही ओरडला, तर ते वडिलांपर्यंत हाच पोचवायचा. मी म्हटलं, तुझ्या बापाशी मीच बोलते. मला वाटलं होतं, असला बाप माझ्यासमोर कितीसा टिकणार.

घर म्हणजे एक खोली. भिंतीपलीकडचा शेजारी खोकला तरी इकडे कळावं. त्याच्या आईनं चहा ठेवला. मी वडिलांसमोर बसून चांगलं तावातावानं भाषण सुरू केलं. ते नम्रपणे माझ्या तोंडाकडे बघत राहिले. माझ्या भरभर बोलण्यातलं त्यांना काहीच कळत नव्हतं.

"बाई, त्यासले ऐकू येत नही," त्याची आई म्हणाली. "पोऱ्याले बोलू द्या."

तो वडिलांसमोर मांडी घालून बसला आणि बोलायला लागला. आवाज नाही. नुसते ओठ आणि बोटं. वडीलही तसंच उत्तर देऊ लागले. मशिनच्या गोंगाटात सगळे कारीगर असंच बोलतात, आईनं मला सांगितलं, आणि आमच्यात तर घरातली गोष्ट असली की असंच. ओरडून बोललं तर सगळ्या गल्लीला कळतं.

मी थक्क झाले. ज्याला मी महिनोन्‌महिने हळू बोल, हळू बोल म्हणून कानीकपाळी ओरडत होते, तो माझ्यासमोर आवाजाशिवाय बोलत होता, आणि काय बोलत होता! तो विनवत होता, हट्ट करत होता, मध्येच वडिलांना हसवत होता. शब्द मात्र मला एकही कळत नव्हता. ओठांकडे का बघायचा तेही तेव्हा कळलं. त्याच्या घरात ऐकायचं म्हणजे बघायचं.

शेवटी वडिलांनी आपल्या कानाला हात लावला, मग त्याच्या कानाला, आणि काहीतरी बोलले. तो उठून बाहेर गेला. मी आईकडे बघितलं.

"म्हनतस," ती पदर सारखा करत म्हणाली, "मना कान गयात ते गयात, तुना तं ऱ्हाऊ दे."

मुलाखतीच्या दिवशी वडील पाळी बुडवून आले. मुलगा काचेच्या दारामागे डॉक्टरांसमोर बसला, तोंड आमच्याकडे. बाहेर मला एक अक्षर ऐकू येईना. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच याचा आवाज माझ्यापर्यंत पोचत नव्हता. आनंद झाला, आणि काय चाललंय ते कळेना म्हणून मी बाकाच्या अगदी कडेला सरकले.

तेवढ्यात शेजारून वडिलांचा खणखणीत आवाज आला, "तीन भाषा येतस म्हनस."

बाकावरचे पेशंट दचकले. वडील काचेतून मुलाचे ओठ वाचत होते. अख्ख्या दवाखान्यात आत काय चाललंय हे कळणारा एकच माणूस होता, आणि त्यालाच ऐकू येत नव्हतं.

"रातपाळीबी करसू म्हनस," त्यांनी पुढची बातमी दिली. नर्सनं बोट ओठांवर ठेवलं. मी तिला हात जोडले आणि त्यांना पुढे बोलायची खूण केली.

मग ते एकदम गप्प झाले. आत डॉक्टरांनी काहीतरी विचारलं होतं आणि मुलानं थोडक्यात उत्तर दिलं होतं. इतकं लक्ष देऊन ऐकायला कुठे शिकलास, असा तो प्रश्न होता, हे मुलानं मला नंतर सांगितलं. नोकरी मिळाल्याचंही तेव्हाच सांगितलं. त्या क्षणी मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मी वडिलांच्या बाहीला हात लावला आणि मानेनंच विचारलं, काय म्हणाला?

त्यांनी बाकावरच्या लोकांकडे बघितलं. मग माझ्याकडे तोंड करून, आवाज न काढता, नवख्याला सांगावं तसं सावकाश ओठ हलवले. घरातली गोष्ट होती. मी पुढे झुकले, त्यांच्या ओठांकडे टक लावून बघितलं, आणि मला ते वाचता आलं.

"बापपाशी शिकनू."