पावण्यांच्या डब्यांचा बंदोबस्त

आता स्वतःचा खुळेपणा स्वतःच्या तोंडानं काय सांगू? पण आमच्या थोरल्या जाऊबाई तिखटमीठ लावून गावभर सांगणारच आहेत, त्यापेक्षा मीच सांगते.

आमच्या ह्यांचं बीपी चढलं. गोठ्यातच गरगरून खाली बसले. दवाखान्यात नेलं तर भरतीच करून घेतलं. इकडं घरी म्हैस! ती ह्यांच्याशिवाय कुणाला कासेला हात लावू देईल तर शपथ. मी गेले, तर बादलीसकट मलाच लाथाडलं. आमचं घर चालतं दुधावर. कधी एकदा ह्यांना डिस्चार्ज मिळतोय असं मला झालेलं.

डॉक्टरीणबाई पोरसवदा, पण खमकी. म्हणाली, "मावशी, मीठ कमी. लोणचं, पापड, रस्सा बंद. बीपी ताब्यात आलं आणि घरी पथ्य सांभाळणारं माणूस आहे अशी खात्री पटली, की सोडते."

"माणूस? मी हाय की! माझ्यापुढं मिठाची काय बिशाद!"

पण आमचे कोल्हापूरचे पावणे तुम्हाला ठाऊक हायत न्हवं? पेशंटला बघायला रिकाम्या हातानं कोण येतंय? पहिल्याच दिवशी जाऊबाई तांबड्या रश्श्याचा डबा घेऊन हजर.

"भावजींच्या अंगात ताकद नको व्हय?"

"ताकद ऱ्हाऊ दे आक्का, डिस्चार्ज पायजे!" मी डबा ओढूनच घेतला.

ह्यांनी खाटेवरनं मान उचलली. "अगं, नुसता वास तरी घेऊ दे की."

"वासानं बी चढतंय! गप पडा."

डबा घेतला खरा, पण त्याचं करायचं काय? भरला डबा तसाच परत धाडला, तर जाऊबाई जन्मभर ऐकवणार. ओतून द्यावा, तर अन्नाचा अपमान. मग काय, दवाखान्याच्या जिन्याखाली बसले आणि मीच संपवला. वर मनात म्हटलं, बघा, नवऱ्यापायी बाईला काय काय सोसावं लागतं!

त्यानंतर डब्यांची रांगच लागली. कुणाचा खर्डा, कुणाचं सुकं मटण, कुणाच्या लोणच्याच्या फोडी. एक डबा खाटेपर्यंत पोचू दिला असेल तर शालन नाव बदला माझं! सगळे जिन्याखाली! हे बिचारे अळणी दोडका चघळत माझ्याकडं बघत बसायचे.

"तुझ्या तोंडाला खर्ड्याचा वास येतोय."

"तुमच्यासाठीच खाती हाय न्हवं!"

मधनंच माझं डोकं ठणकायचं, कानात भुंगा फिरायचा. मी म्हणायची, जागरण झालंय.

डिस्चार्जच्या सकाळी ह्यांचं बीपी गुणी लेकरागत जागेवर! डॉक्टरीणबाई मला गोळ्यांच्या वेळा समजावत होती, तेवढ्यात दारात जाऊबाई. हातात डबा!

"आता सुटलं की. आता तरी खाऊ दे!"

मी असा काय आवाज चढवला म्हणता, सलाईनच्या बाटल्या हलल्या. आणि त्याच दमात मलाच गरगरलं.

डॉक्टरीणबाईनं मला ह्यांच्याच खाटेवर बसवलं, दंडाला पट्टा गुंडाळला आणि आकडा बघून डोळेच विस्फारले. "मावशी, काकांना आणलं तेव्हा त्यांचंही इतकं नव्हतं! खाताय काय तुम्ही?"

मी पदरानं तोंड पुसायला लागले.

हे शर्टाची बटणं लावत म्हणाले, "माझ्या वाटणीचं समदं."

झालं! डिस्चार्ज ह्यांना आणि खाट मला. चादरसुद्धा अजून ऊनच होती. घाबरू नका, गोळ्यांनी बीपी लगेच उतरणीला लागलं. संध्याकाळी म्हशीची धार काढून हे ऐटीत आले, माझ्यासाठी अळणी दोडका घेऊन. पाठोपाठ जाऊबाई. हातात डबा!

"शालनच्या अंगात ताकद नको व्हय?"

आता हे जाणार जिन्याखाली! पण ह्यांनी शांतपणे हात जोडले. "वयनी, आम्हा दोघांस्नी बी मीठ बंद हाय. डबा परत न्या."

मी डोळे मिटले. आता जाऊबाई फुटणार!

"व्हय का? मग आधी सांगायचं की!" जाऊबाई म्हणाल्या, आणि हसत हसत डबा पिशवीत टाकून चालायला लागल्या.

एवढंच? अहो, एवढंच म्हणायचं होतं? मग मी जिन्याखाली नेमकी काय राखण करत बसले होते?