बॉनेटवरचं गुलाबी स्वस्तिक

फडकं पुन्हा ओलं करून घासलं. पांढऱ्या बॉनेटवरचं कुंकवाचं स्वस्तिक लालचं गुलाबी झालं, पण जागचं हललं नाही. गाडी विकत घ्यायला येणारा गोरा शिक्षक कुठल्याही क्षणी अमेरिकेतल्या एडिसन गावात, डॉक्टर काकांच्या ड्राइव्ह-वेमध्ये शिरणार होता. आपल्यासाठी ते शुभचिन्ह. या देशात ते पाहून माणसाला काय आठवतं, ते सांगायला नको.

२००२मध्ये सॉफ्टवेअर टेस्टिंगचा जॉब गेल्यावर मी कार डिटेलिंग सुरू केलं. म्हणजे गाडीचं ब्यूटी पार्लर: धुणं, पॉलिश, वॅक्स. रिटायर्ड डॉक्टर काका हे माझं पहिलं वजनदार गिऱ्हाईक; विकायला काढलेली त्यांची जुनी गाडी मला चमकवायची होती. त्यांच्या एका शब्दावर मराठी मंडळातल्या निम्म्या गाड्या माझ्याकडे आल्या असत्या. किंवा कधीच आल्या नसत्या.

सकाळी मी गाडी भांड्यांच्या साबणाने धुतली. एरवी हे पाप. हा साबण कढईचं तेल सोडवतो, तसंच रंगावरचं वॅक्सही सोडवतो. आणि वॅक्स म्हणजे गाडीचा रेनकोट. पण नवं पॉलिश करायचं तर जुना रेनकोट आधी उतरवावा लागतो. इथवर मी हुशार होतो. मग काकूंनी पोहे खायला हाक मारली आणि मी उघड्या अंगाची गाडी उन्हात सोडून आत गेलो. दुसरी प्लेट मी मागून घेतली, हेही नमूद करतो.

तेवढ्यात काकूंनी बाहेर जाऊन बॉनेटवर स्वस्तिक काढलं आणि गाडीची पाठवणी उरकली. ओलं कुंकू, जुना कोरडा रंग, वर ऊन. कुंकू थेट आत मुरलं.

"काकू, मला विचारायचंत तरी."

"एवढी वर्षं घरात राहिली. लेकीला मोकळ्या कपाळाने पाठवतं का कुणी?"

काका दारातून म्हणाले, "जातंय का रे?"

"जातंय, काका."

"कुठे?"

मी कंपाउंड काढलं. ही खरखरीत पेस्ट रंगाचा वरचा निस्तेज थर खरवडते. घाईत मी ती फक्त रेघांवरून बोटाने घासली. गुलाबी रंग गेला. मागे सरून पाहिलं, तर निस्तेज बॉनेटवर आता लख्ख चकाकणारं स्वस्तिक. आधीचं निदान पुसट होतं.

"यार, तू इंजिनिअर आहेस ना?" काका म्हणाले.

शिक्षकाची गाडी ड्राइव्ह-वेमध्ये वळली. मी चकाकी आणणारं बफिंग मशीन लावून बॉनेटवर आडवा पडलो. काका पुढे झाले, शिक्षकाच्या चालण्याकडे बघत म्हणाले, "उजवा गुडघा?" आणि त्याला पोर्चमध्ये बसवून गुडघ्याचा सगळा इतिहास काढला. शिक्षक गाडीकडे मान वळवायचा, काका म्हणायचे, "पाय सरळ करा." मशीन तापलं, मीही तापलो.

शिक्षक अखेर गाडीपाशी आला तेव्हा बॉनेट आरशासारखं होतं आणि उरलेली गाडी होती तशीच.

"फक्त तोंडच धुतलंत का?" त्याने विचारलं.

"सॅम्पल आहे," मी म्हणालो.

त्याने गाडी घेतली, पण बाकीचीही बॉनेटसारखी चकाकवून द्यायच्या अटीवर. तो रविवार मी त्याच्या अंगणात काढला. काकांनी मंडळात माझं नाव सांगितलं, संपूर्ण किस्स्यासकट. गिऱ्हाइकं आली, काही नुसतीच मला बघायला.

धडा एवढाच: जुनं वॅक्स काढल्यावर नवं लागेपर्यंत गाडी कुणाच्या हाती सोडू नये. प्रेमाच्या माणसांच्या तर मुळीच नाही.