दाजींचं हिवाळी बिऱ्हाड

थंडीला भिणारी माणसं गावोगाव सापडतील. पण थंडीशी भावकीतलं भांडण असल्यासारखा दरसाल दावा मांडणारा माणूस अख्ख्या धाराशिव जिल्ह्यात एकच आहे, आणि तो नेमका आमच्या घराला दाजी म्हणून मिळाला. बरं, स्वतःला थंडी वाजते म्हणावं, तर तेही नाही. ऐन पौषात नळदुर्गच्या वाऱ्यात हा माणूस नुसत्या बनियनवर अंगणात बसून पेपर वाचतो. भांडण आहे ते अक्कासाठी. अक्का माझी थोरली बहीण. दिवाळी सरली की तिची बोटं आखडतात, सांधे सुजतात, आणि ज्या हातच्या भाकरीसाठी मी शाळेतून पळून यायचो, त्या हातांना ऊन अंगणभर येईपर्यंत साधी वाटी धरवत नाही. "थंडीचे चार महिने उबदार मुलखात राहिल्या तर बरं," असं एक डॉक्टर सहज बोलून गेले. ते बोलून मोकळे झाले, अडकलो मी. कारण दाजींचा मेहुणा म्हणजे त्यांच्या प्रत्येक बेताचा बिनपगारी हमाल.

दाजी तलाठी म्हणून रिटायर झाले. नोकरी सुटली, कागद काही सुटला नाही. अक्काला पाहायला आले होते तेव्हा चहा यायच्या आधी त्यांनी आमच्या परसाची चतुःसीमा विचारून घेतली होती. "पोरगी बघायला आलाय का जागा?" असं आमचे वडील आत येऊन आईला म्हणाल्याचं मला चांगलं आठवतं. अशा माणसानं बायकोच्या दुखण्याचा पंचनामा केला नाही तरच नवल. वहीच आहे तशी. "मार्गशीर्ष वद्य तृतीया. सकाळी आठ. उजव्या हाताची तीन बोटे मिटत नाहीत. चहाचा कप दोन्ही हातांनी उचलला. समक्ष पाहिले." खाली त्यांची सही, आणि पंच म्हणून माझी. रोज सकाळी जाऊन सही करायची, मग चहा. एकदा वैतागून मी म्हणालो, "दाजी, ही वही दाखवायची कुणाला?" तर पेनाचं टोपण लावता लावता म्हणाले, "मग म्या काय करू? माझी बोटं धडधाकट हायत, पण तिला काढून देता येत न्हायती." त्यानंतर मी कधी कुरकुर केली नाही.

उबदार मुलूख निवडायचं काम त्यांनी हायवेवरच्या ढाब्यावर केलं. सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर देशभरचे ट्रक थांबतात. दाजी जेवणाऱ्या ड्रायव्हरच्या बाजेवर जाऊन बसायचे आणि विचारायचे, "क्यूं मियाँ, जाडे में क्या ओढते तुम लोगां?" जो 'कंबल' म्हणेल त्याचं शहर बाद. 'चादर' म्हणणाऱ्याला निम्मे मार्क. विशाखापट्टणमच्या एकानं नुसतं लुंगीकडं बोट दाखवलं, त्याला दाजींनी पैकीच्या पैकी दिले, वर चहा पाजला. एका भल्या माणसाला वाटलं साहेब आरटीओचे आहेत. त्यानं न मागता गाडीची सगळी कागदपत्रं पुढं केली. दाजींनी ती निवांत वाचली आणि त्यातल्या दोन चुकाही काढून दिल्या. अशी यादी घरी आली, अक्कासमोर वाचली गेली, आणि अक्कानं ती एका वाक्यात निकालात काढली. "मला तिथली भाषा कळंना, मग भाजीवाल्याशी भांडू कशी?" यादीत मराठी बोलणारं उरलं ते एकटं रत्नागिरी.

पण खरा खोडा पुढंच होता. अक्का म्हणाली, "येळवस सोडून मी कुठं येणार न्हाय." झालं! येळवस म्हणजे वेळ अमावास्या, आणि ती येते भर हिवाळ्यात. त्या दिवशी आमच्याकडं गाव ओस पडतं, सगळे रानात. शाळूच्या उभ्या ज्वारीत कडब्याची कोपी, म्हणजे खोपटं, करायची, चुन्यानं रंगवलेले पाच दगड पांडव म्हणून तिच्यात मांडायचे, मिसळ भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, माठभर आंबील, आणि "ओलगे ओलगे" असं ओरडत रानाला फेरी. "लगीन झाल्यापास्नं एक येळवस चुकली न्हाय माझी," अक्का म्हणाली. "तुमी जावा समुद्राला. बोटं काय, दुखत्यात तशी दुखतील." दुसरा कुणी असता तर गप बसला असता. दाजी दोन दिवस गप बसले आणि तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, "ती रान सोडून येत न्हाय ना? मग रानच न्यावं लागंल."

मला वाटलं, चेष्टा करताहेत. भाद्रपदाच्या शेवटी दारात टेम्पो उभा राहिला तेव्हा कळलं. बारा पोती काळी माती, शाळूचं बी, कडब्याच्या दहा पेंढ्या, आणि या सगळ्यावर मी. आंबा घाटात चहाला थांबलो तर टपरीवाल्यानं विचारलं, "पोत्यांत काय हो?"

"माती," दाजी म्हणाले.

"कोकणात माती नाही होय?"

"हाय की. पण तांबडी. तांबड्या मातीत आमचा शाळू रुसतो."

टपरीवाल्यानं माझ्याकडं अशा काही कणवेनं पाहिलं की मी दुसरा चहा घेतलाच नाही.

रत्नागिरीत दाजींनी एका एकट्या राहणाऱ्या बाईंच्या घराचा वरचा मजला फोनवरूनच भाड्यानं घेतला होता, गच्चीसकट. पोती वर चढायला लागली तशा बाई पदर खोचून जिन्यात आडव्या उभ्या राहिल्या. "काय हो हे? गच्चीवर शेती? म्हणजे उद्या कूळ म्हणून नाव लावाल नि माझीच गच्ची मला कसायला द्याल!" कोकणातल्या माणसाला कूळ म्हटलं की घाम फुटतो. पण समोर तलाठी होता. दाजींनी जिन्यातच पायरीवर बसून हमीपत्र लिहून दिलं. "सदर गच्चीवर लिहून देणार अगर त्यांचे वारस कुळाचा हक्क सांगणार नाहीत. गच्ची तुमची, माती आमची." पंच अर्थात मी. बाईंनी कागद दोनदा वाचला, देवाजवळ ठेवला आणि स्वतः पाण्याचा पाइप काढून दिला.

पेरणी झाल्यावर दाजी म्हणाले, चला, आता आपल्या जागेची पश्चिम हद्द बघू. पश्चिमेला समुद्र! जन्मात पहिल्यांदा पाहत होते. हात जोडले, चूळ भरून खारट आहे याची खात्री केली आणि पाण्याच्या कडेला एक काठी रोवली. आम्ही शहाळं पिऊन परत आलो तर काठी पाण्यात पार आत. दाजींनी दुसरी रोवली, तीही गेली. लई चिडले. "हे उघड उघड अतिक्रमण हाय! आन नोटीस बजावायची तर कुणावर?" संध्याकाळी पाणी आपणहून मागं गेल्यावर त्यांचा राग निवळला. "चूक कळली वाटतं," म्हणाले. चतुःसीमेत शेवटी त्यांनी "पश्चिमेस समुद्र, हद्द अनिश्चित" असं लिहिलं. तशी नोंद करताना त्यांचा जीव तुटत होता, हे मला दिसत होतं.

पुढं दाजींनी तिथं राहून आणि बाईंना हाताशी धरून तो शाळू कमरेएवढा केला. दिवाळीला घरी आले ते त्याचा फोटो आणि एक कागद घेऊन. कागद म्हणजे हातानं आखलेला सातबारा. क्षेत्र, बारा पोती. पीक, शाळू. मालक म्हणून अक्काचं नाव, पूर्ण, माहेरच्या नावासकट. अक्कानं तो कागद वरपासून खालपर्यंत वाचला. मग मला म्हणाली, "बघ रं, अख्ख्या गावाचे सातबारे केले ह्या माणसानं. माझ्या नावावर आज पयल्यांदा कायतरी झालं, आन ते बी पोत्यातलं!" आणि हसायला लागली. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली. दाजी आपले चष्मा पुसत उभे. हसू ओसरल्यावर अक्कानं लुगड्यांचं गाठोडं पुढं ओढलं आणि हळूच म्हणाली, "एवढी गाठ मार रं. मला बोटं वळंनात."

या वर्षीच्या येळवसीला रानात आमच्या कोपीपाशी मी आंबिलाचा माठ ठेवत होतो. सकाळचे आठ वाजले असतील, गार वारं अंगाला झोंबत होतं. दाजींचा रत्नागिरीहून फोन आला. "बोलू नको. नुसतं ऐक," म्हणाले.

आधी काहीच कळेना. मागनं त्या घरमालकीण बाई कुणाला तरी विचारत होत्या, "अहो, ते ओलगे ओलगे आत्ता म्हणायचं की जेवल्यावर?" मग त्या गप्प झाल्या, आणि ऐकू आलं. थप, थप, थप. जरा थांबून पुन्हा थप, थप. अक्का भाकरी थापत होती. हिवाळ्यातल्या सकाळी हा आवाज मी किती वर्षांनी ऐकला, मला सांगता यायचं नाही.

"वही पुढं घेतलीया," दाजी म्हणाले. "लिवलंय. येळवस. सकाळी आठ. दहाही बोटं चालतात. समक्ष पाहिले. पंचाची सही तेवढी ऱ्हायलीया."

"माझ्या नावानं तुमीच करून टाका, दाजी."

"खोटी सही? म्या? जमायचं न्हाय. जागा मोकळी ठेवतो, येऊन करून जा."

दुपारी पंगत बसली. अक्का बसायची ती कोपीच्या तोंडाजवळची जागा कुणी न सांगता सगळ्यांनी मोकळीच ठेवली होती. माझ्याकडं बघून बायको म्हणाली, "रडताय काय? चांगलंच झालंय की."

"चांगलं झालंय म्हणून तर," मी म्हणालो, आणि सोलापूरहून रत्नागिरीची एसटी किती वाजता सुटते, ते विचारायला फोन लावला.